शेपटातलं गाणं

संपादकांचा फोन आला. "ताई, कॅसेटच्या जमान्यातल्या हिट गाण्यांवर लिहा, दिवाळीत लोकांना असलं वाचायला आवडतं." मी म्हटलं, लिहिते, पण हिट गाण्यांवर नाही. त्यांचे लाड करायला पुष्कळ जण बसले आहेत. अलिबागच्या बाजारातल्या एका दुकानात मी वीसेक वर्षं लोकांना कॅसेटी भरून दिल्या. तेवढ्या काळात एक गोष्ट शिकले. हिट गाणं सगळ्यांचं असतं, म्हणून कुणी त्याच्यासाठी भांडत नाही. माणूस भांडतो ते त्याच्या एकट्याच्या आवडत्या गाण्यासाठी, आणि ते गाणं बहुतेक वेळा साफ आपटलेलं असतं.

कॅसेट भरणं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. गिऱ्हाईक कोरी कॅसेट विकत घ्यायचं आणि हवी ती गाणी सांगायचं. आम्ही एका यंत्रावर ते गाणं लावून दुसऱ्या यंत्रावर ते भरून घ्यायचो. घाई करता येत नसे. तासाची कॅसेट भरायला तासच लागायचा, आणि तो तास मी कानाला हेडफोन लावून बसलेली असायची. माझे वडील शाळामास्तर होते आणि शनिवार-रविवार गायन पार्टीत भीमगीतं म्हणायचे. त्यामुळे पेटी जरा बेसूर झाली तरी मला लहानपणापासून दात आंबल्यासारखं व्हायचं. शेठनी मला नोकरीला ठेवलं ते या कानांसाठी. नाहीतर त्या काळी दुकानात बाई बसवायला कुणी तयार नसायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. गिऱ्हाइकाची गाणी कधीच बरोबर कॅसेटच्या मापाची नसायची. एका बाजूची गाणी संपली तरी शेवटी थोडी टेप उरायची. कधी दोन मिनिटं, कधी चार. ती तशीच कोरी सोडली तर गिऱ्हाईक परत यायचं, "पैसे पुऱ्या कॅसेटचे घेतले आणि शेवटी नुसती खरखर." शेठ घरी गुजराती बोलायचे आणि दुकानात सगळ्या भाषा एकत्र करायचे. त्यांचा हुकूम होता, "नंदाबेन, टेप खाली नाय राहिली पायजे. घराकला खाली जगा ना गमे." म्हणजे गिऱ्हाइकाला रिकामी जागा आवडत नाही. मग त्या उरलेल्या जागेत आम्ही मनाला येईल ते गाणं भरायचो. त्याला आमच्यात शेपूट म्हणत. शेपूट फुकट असायचं. टेप संपली की ते मध्येच तुटायचं. फुकटच्या गाण्याचा शेवट कुणी मागत नाही, त्यामुळे त्याबद्दल तक्रारही कधी आली नाही.

पुढचं मात्र शेठना ठाऊक नव्हतं. मनाला येईल ते म्हणजे माझ्या मनाला येईल ते. दिवसभर लोकांची हिट गाणी भरून माझे कान किटायचे. शेपटात मात्र माझं राज्य असायचं.

आणि मला आवडायची गिटार. विजेवरची, ओरडणारी. मास्तरांच्या मुलीला हे वेड कुठून लागलं, मला माहीत नाही. बोटीवर नोकरी करणारे श्रीवर्धनचे इक्बालभाई दर खेपेला परदेशातून इंग्रजी रॉकच्या रेकॉर्डी आणायचे आणि माझ्याकडून त्यांच्या कॅसेटी करून घ्यायचे. त्यातल्या एका रेकॉर्डीच्या दुसऱ्या बाजूचं अगदी शेवटचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चहा गार झाला. शब्द एक कळला नाही. पण ती गिटार अशी रडत होती की मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. ते मी शेपटात भरत सुटले. अभंगांच्या मागे, कोळीगीतांच्या मागे, लग्नाच्या सनईच्या मागे, जिथे जागा मिळेल तिथे.

एकदा भजनी मंडळाच्या एक मावशी कॅसेट आपटतच दुकानात शिरल्या. "देवाच्या मागं हे धडाधडा काय लावलंस गं?" मी ओशाळून म्हटलं, द्या इकडे, पुसून टाकते. तशी त्यांनी कॅसेट मागे ओढली. "पुसायला कोण सांगतंय? आणखी एक तसलंच टाक. फक्त अभंगाच्या मागं टाक, पुढं नको."

रेवदंड्याचे टेम्पोवाले तर 'रडक्या गिटारीचं' म्हणून ते गाणं मागायला लागले. आता आमच्या सूनबाईंनी ते फोनवर शोधून काढलं. ते वाजवणाऱ्या इंग्रजी मंडळींची दोन गाणी जगभर गाजली म्हणे. हे तिसरं कुठल्याच यादीत नाही, कधी वर चढलं नाही आणि कधी खाली घसरलंही नाही. "आई, हे कुणी ऐकतच नाही हो," ती म्हणाली. मला धक्काच बसला. म्हटलं, अगं, कुणी ऐकत नाही काय, रेवदंड्यात विचारून बघ.

पण तो धक्का काहीच नव्हे. खरा धक्का गेल्या हिवाळ्यात बसला. तो सांगायचा म्हणजे आधी हेमंतची ओळख करून द्यायला हवी.

अलिबागजवळच्या एका कारखान्याच्या वसाहतीत चार तरुण रॉक वाजवायचे. हेमंत त्यांच्यातला गाणारा. गाणी तोच लिहायचा. त्यांनी पदरमोड करून मुंबईत एक कॅसेट काढली. मराठीतून रॉक! लोक हसायचे, "मराठीत असलं कुठं असतं काय?" शेठनी त्यांच्या कॅसेटींचा खोका काउंटरवर ठेवून घेतला. हेमंत संध्याकाळी कामावरून सुटला की दुकानासमोर सायकल लावायचा आणि त्या खोक्याकडे बघत उभा राहायचा. खोका हलायचा नाही. आमच्या दुकानातून त्याची एकच कॅसेट खपली, आणि तीही त्याच्या आईने शेजारणीला पाठवून नेली होती. हे मला माहीत होतं. त्याला सांगण्याचं धाडस मी कधी केलं नाही.

एक दिवस त्याने खोका उचलून नेला. एक प्रत मात्र मी दुकानात ठेवून घेतली, कारण तिच्यातलं पहिलं गाणं माझ्या काळजात बसलं होतं. हेमंतचा मोठा भाऊ बोटीवर नोकरीला गेला, तो परत आलाच नाही. घरातून निघताना तो 'जातो' म्हणाला होता. आपल्यात तसं म्हणत नाहीत. आई मागून ओरडली होती, "अरे, येतो म्हण!" त्यावर हे गाणं होतं.

हातात पेटी, डोळ्यांत धूर,
कुठल्या बंदरी, किती रे दूर?
जातो नको म्हणू, येतो म्हण.

पहिल्या कडव्याच्या एवढ्याच ओळी, पण त्यांच्या मागे ढोल आणि गिटार अशी उसळायची की बसलेला माणूस उभा राहावा. पाच मिनिटांच्या वरचं गाणं होतं, तीन कडव्यांचं. मी ते शेपटात घातलं. वर्षानुवर्षं घालत राहिले. शेपूट कधीच पाच मिनिटांचं नसे, त्यामुळे गाणं दुसऱ्या कडव्यात कुठेतरी तुटायचं.

हेमंत पुढे न्हावा शेव्याला बंदरावर कंटेनर उचलणाऱ्या क्रेनवर लागला आणि उरणला राहायला गेला. बँड मोडला. मग सीडी आली, तीही गेली, मग फोनमध्येच गाणी आली. शेठ वारले, दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकानातल्या रेकॉर्डी, कॅसेटी, यंत्रं सगळं भंगारात गेलं, त्यात हेमंतची प्रतही गेली.

गेल्या हिवाळ्यात दारात एक पिकल्या केसांचा गृहस्थ उभा, सोबत तिशीची एक मुलगी. तो म्हणाला, "ओळखलंत का, ताई?" आणि मी हबकले. चेहऱ्यामुळे नव्हे, आवाजामुळे. आवाज कसला, पत्र्यावर खडी घासावी तसं काहीतरी. त्याने नाव सांगितलं तेव्हा मी दाराची चौकट धरली. हा हेमंत? ज्याचा वरचा सा ऐकून मी डोळे मिटायची तो?

मुलीने, स्मिताने सगळं सांगितलं. ती पनवेलला शाळेत शिक्षिका आहे. घशाचा कर्करोग. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया होती, स्वरयंत्र काढून टाकणार होते. त्यानंतर बोलणं कसं जमेल ते शिकवतात, पण गाणं कायमचं संपणार.

"ताई, आमचे बाबा गायचे हे मला गेल्या महिन्यात कळलं," स्मिता म्हणाली. "आत्या बोलून गेली म्हणून. घरात एक कॅसेट नाही. मला त्यांचा आवाज हवाय. फक्त एकदा, कसाही."

मी हेमंतकडे बघितलं. "अख्खा खोका नेला होतास की रे!"

"मित्रांना वाटल्या," तो म्हणाला. "त्यांनी वरच्या भोकाला चिकटपट्टी लावली आणि त्यावर सिनेमाची गाणी भरून घेतली." हा त्या काळचा सर्रास प्रकार. कॅसेटच्या कडेचं चौकोनी भोक बुजवलं की जुन्या गाण्यावर नवं भरता येतं. म्हणजे याच्या गाण्याच्या उरावर त्या साली हिट झालेली गाणी बसली होती. हेमंत मात्र हसत होता. "कुणी ऐकलं नाही ताई, ठीकच आहे. पोरीला उगाच नाद लागलाय."

मी म्हटलं, "कुणी ऐकलं नाही असं तुला कोण म्हणालं?"

त्याला मी शेपटाची गोष्ट सांगितली. त्याचा काही विश्वास बसला नाही. माझी समजूत काढल्यासारखी तो मान हलवत राहिला. मग म्हटलं, उठा. इक्बालभाई बोटीवर नेण्यासाठी माझ्याकडून खोकंभर कॅसेटी भरून न्यायचे. कुणाकडे असलंच तर त्यांच्याकडे असेल.

दुसऱ्या दिवशी स्मिताच्या गाडीतून आम्ही तिघं श्रीवर्धनला पोचलो. इक्बालभाई आता ऐंशीच्या घरात आहेत, सुपारीच्या वाडीत बसून असतात. माझं नाव ऐकून उठून उभे राहिले. पण कॅसेटींचं विचारताच त्यांनी कपाळावर हात मारला. वादळात छप्पर उडालं, पेट्या पाण्यात गेल्या, टेपांना बुरशी आली. "सगळं फेकलं, ताई. काळीज फेकल्यासारखं फेकलं."

स्मिताचा चेहरा उतरला. मी उगाच विचारावं म्हणून विचारलं, "शेपटातलं एक मराठी गाणं आठवतं का? जातो नको म्हणू..."

"येतो म्हण!" इक्बालभाई ओरडलेच. "कसम से ताई, ते विसरणार? बोट बंदर सोडायची तेव्हा आम्ही तेच लावायचो. आमच्या बोटीवरचे केरळवाले पण म्हणायचे." आणि त्या वयात, सुपारीच्या झाडावर ताल धरून त्यांनी गायला सुरुवात केली. दुसरं कडवंही आलं.

वारा फिरला, फिरू दे त्याला,
भरती-ओहोटी ठाऊक मला,
ओट्यावर दिवा मी लावून ठे...

आणि एकदम थांबले. मी वाट बघत राहिले. म्हटलं, "पुढं?"

"पुढं काय? संपलं. असंच आहे ते. 'ठे' वर खटकन थांबायचं. मजा तीच आहे."

मी आणि हेमंत एकमेकांकडे बघत राहिलो. टेप जिथे संपली होती तो या माणसाने गाण्याचा शेवट मानला होता, आणि जन्मभर तो तसाच म्हणत आला होता. हेमंत खरडत्या आवाजात म्हणाला, "लावून ठेवला, असं आहे ते. आणि अजून एक कडवं आहे."

"नाही हो भाईसाब," इक्बालभाई ठामपणे म्हणाले. "तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलंय."

ज्याने लिहिलं त्यालाच! मला हसू आवरेना, स्मिताही हसायला लागली. हेमंत तेवढा गंभीर झाला होता. इक्बालभाई म्हणाले, "माझ्या टेपवरून आमच्या कोळीवाड्यातल्या दुर्पाबायने टेप करून घेतलेली, ती असेल तिच्याकडे. आज तिच्या नातीची हळद आहे. जा, आणि काय संपतं, काय नाही, ते तिलाच विचारा."

कोळीवाड्यात आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मांडवात बाया नवरीला हळद लावत होत्या, कोपऱ्यात भिंतीएवढे स्पीकर. दुर्पाबाय म्हणजे तिथली धवलारीण, लग्नात धवले गाणारी बाई. धवलारीण म्हणेल तेच लग्नातलं गाणं, तिच्यापुढे भटजीचंही चालत नाही. आम्ही तिला आमचं काम सांगणार, तेवढ्यात स्पीकर बंद झाले. पोरांनी ढोल घेतले, बाया उठल्या, नवरीला मध्ये घेतलं, आणि शे-दीडशे माणसांनी एका दमात सुरू केलं:

हातात पेटी, डोळ्यांत धूर...

आजवर मी हे गाणं फक्त हेडफोनमध्ये ऐकलं होतं, एकटीने. आज म्हाताऱ्या बाया ते म्हणत होत्या, कडेवरची पोरं म्हणत होती, जीन्स घातलेल्या पोरी केस उडवून म्हणत होत्या. टेपवर गिटार जिथे उसळायची तिथे हे लोक तोंडाने गिटारीचा आवाज काढत होते, अगदी तोच. हेमंतने मांडवाचा बांबू दोन्ही हातांनी धरला. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होता, "हे यांना कसं येतं? यांना कसं येतं?"

"...दिवा मी लावून ठे!" आणि सगळा मांडव खटकन गप्प. सगळ्यांचे हात वर. ढोल बंद.

त्या शांततेत एकच खरखरीत आवाज पुढे निघाला. हेमंतचा. त्याला भान नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्याचं गाणं इतक्या माणसांनी म्हटलं होतं, आणि त्याचं तोंड आपोआप पुढे गेलं.

...वला.
तेल सरलं, वात जळाली,
होडी तुझी ना दिसली, ना आली,
आता म्हण तू, जातो म्हण.

हे तिसरं कडवं. भावाला निरोप देणारं. माझ्याखेरीज तिथे कुणी ते कधी ऐकलं नव्हतं.

कौतुक राहिलं बाजूला. मांडवात कुणीतरी "आयो!" करून ओरडलं. एका बाईने नवरीचे कान झाकले. पोरं हेमंतकडे सरकली. "कोन हाव तुमी? कुनी बोलावला तुमाला?" दुर्पाबाय गर्दी बाजूला करत पुढे आली, रागाने थरथरत.

"पुरा केलास? हलदीच्या मांडवान गाना पुरा केलास?"

मी मध्ये पडले. म्हटलं, "बाय, हे गाणं याचंच आहे. यानेच लिहिलंय, यानेच गायलंय."

"याचा कसा? माज्या पेटीन टेप हाय."

तिने टेप आणवली, जुना टेपरेकॉर्डरही आणवला. बटण दाबलं. आणि मांडवभर हेमंतचा पंचविशीतला आवाज पसरला. स्मिताने तोंडावर हात दाबला. तिने बापाचा तो आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. हेमंत टेपबरोबर हळू हळू ओठ हलवत होता. जिथे आवाज श्वास घेई तिथे त्याची छाती भरे, जिथे आवाज वर जाई तिथे त्याची हनुवटी वर जाई. दुर्पाबाय आळीपाळीने टेपकडे आणि त्याच्याकडे बघत राहिली. 'ठे' वर गाणं तुटलं तेव्हा तिचा राग गेला होता, पण भीती गेली नव्हती.

"तुजाच हाय रं बाबा," ती म्हणाली. "पन तू ह्या काय केलास?"

मग तिने सगळं सांगितलं. टेप आली त्या वर्षापासून त्या वाड्यातला कुणीही बोटीवर निघाला, आखाताकडे निघाला, मुलगी सासरी निघाली, की हे गाणं म्हणायचं आणि 'ठे' वर थांबायचं. "गाना अर्धा ठेवला का मानूस तो पुरा कराला माघारी येतंच. आमचा एक मानूस र्‍हायला न्हाय अजून दर्याव. आन तू पुरा केलास. त्यान बी काय, तर होडी आली न्हाय, आता जातो म्हन!"

मी असल्या गोष्टी मानणारी नाही. वडिलांनी घराच्या दाराला कधी लिंबू बांधू दिलं नाही. पण त्या मांडवात उभी राहून मी त्या बाईला एक शब्द बोलू शकले नाही. शेठना गिऱ्हाइकाची कटकट नको म्हणून भरलेली ती चार मिनिटं. त्यांच्या भरवशावर इथे माणसं आपले नवरे आणि मुलं समुद्रात सोडत होती. हेमंतने मेलेल्या भावासाठी लिहिलेलं गाणं टेप अपुरी पडली म्हणून जिवंत माणसांचं झालं होतं.

स्मिता रडत होती. तिने दुर्पाबायला सांगून टाकलं, यांचं पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, यांचा आवाज जाणार आहे.

दुर्पाबायने हेमंतला आपादमस्तक बघितलं. "म्हंजी तू पन निघालास," ती म्हणाली. "आन सोताच पुरा करून निघालास. येडा हायेस काय? इकडं ये."

तिने त्याला हाताला धरून मांडवाच्या मध्ये आणलं, नवरीशेजारी पाटावर बसवलं, आणि त्याच्या गालाला हळद फासली. "आता परत बोल. पयल्यापासना. आन कुठं थांबाचा ता तुना म्हाईत हाय."

स्मिता म्हणाली, "नको, डॉक्टरांनी घशाला त्रास देऊ नका म्हणून सांगितलंय." हेमंतने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने सुरुवात केली. ढोल अगदी हलके. त्या आवाजाला कुणी गाणं म्हटलं नसतं. वरचा सूर लागतच नव्हता, तिथे नुसती हवा यायची, आणि त्या जागा बाया भरून काढत होत्या. दुसरं कडवं आलं. सगळा मांडव गप्प झाला, शेवटची ओळ त्याच्या एकट्यावर सोडली.

"ओट्यावर दिवा मी लावून ठे..."

तो थांबला. तोंड उघडंच होतं. भावाला निरोप द्यायचा म्हणून जे गाणं लिहिलं, त्याच्या मध्यावर तो थांबला, आणि पुढचा शब्द त्याने गिळला. गिळताना दुखलं, ते मला दिसलं. मग हळूहळू त्याने दोन्ही हात वर केले. दुर्पाबायने कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली आणि म्हणाली, "चल, जेव आता."

शस्त्रक्रिया झाली. हेमंत बरा आहे. गळ्याला रुमाल बांधून उरणच्या बाजारात जातो, तपासण्या आतापर्यंत चांगल्या आल्या आहेत. गाणं तर नाहीच, बोलणंही अजून जमत नाही.

स्मिताने त्या दिवशी गाणं दोन्ही वेळा फोनवर टिपून घेतलं होतं, आधी मांडवाने म्हटलं तेव्हा आणि नंतर हेमंतने पाटावर बसून म्हटलं तेव्हा. दोन्ही तिने मला पाठवली आहेत. पाटावरचं अर्धं मी रोज सकाळी ऐकते. आधीच्यात सगळं गाणं आहे, हेमंतने पुरं केलेल्या तिसऱ्या कडव्यासकट. जगात तेवढी एकच पुरी प्रत उरली आहे. इतके दिवस झाले, ते मी अजून लावलेलं नाही.